एका आईचं बोलणं कानावर पडलं आणि वॉल्ट डिस्नेने डिस्नेलँडचं जंगल बदलून टाकलं

डिस्नेलँडमधली एखादी जुनी राइड बंद होणार आणि तिच्या जागी नवीन काहीतरी येणार, अशी बातमी आली की लगेच दोन गट पडतात.

पहिला गट कट्टर चाहत्यांचा. त्यांना त्या राइडमधला संवाद न् संवाद पाठ असतो, कोणत्या वळणावर कोणता पुतळा मान हलवतो हे तोंडपाठ असतं. त्यांच्या मते जुन्याला हात लावणं म्हणजे पाप. दुसरा गट सुट्टीत पोराबाळांना घेऊन आयुष्यात एखाद्या वेळी जाणाऱ्यांचा. त्यांची मागणी साधी. तासभर रांगेत उभं राहिल्यावर पोरं हसत बाहेर आली पाहिजेत, बस्स.

मग नवीन राइड बांधायची ती कुणासाठी?

हा वाद सोशल मीडियामुळे सुरू झाला असं वाटेल, पण ज्याने हे पार्क उभं केलं त्याच्या डोक्यातच तो पहिल्या दिवसापासून चालू होता. कारण वॉल्ट डिस्ने स्वतः एक नंबरचा कट्टर चाहता होता. कार्टूनचा म्हणाल तर तो त्याचा धंदा होता. खरा नाद होता रेल्वेचा.

त्याचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोमधला. चार वर्षांचा असताना घरच्यांनी मिसूरी राज्यातल्या मार्सलीन या छोट्या गावाजवळ शेत घेतलं. गावातून सांता फे कंपनीची रेल्वे जायची आणि वॉल्टचा एक काका इंजिन ड्रायव्हर होता. पुढे बाप एलायस याचं शेतीत काही जमलं नाही. १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीला आलं आणि वॉल्ट भाऊ रॉयबरोबर भल्या पहाटे घरोघर पेपर टाकायला लागला. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत चक्क रेल्वेच्या डब्यात पेपर आणि गोळ्या-चॉकलेटं विकायचं काम धरलं. कमाई फार नव्हती, पण इंजिनाजवळ जायला मिळायचं.

त्याच कॅन्सस सिटीत इलेक्ट्रिक पार्क नावाचं मोठं करमणुकीचं ठिकाण होतं. हजारो दिव्यांनी रात्री झगमगणारं. पुढच्या सगळ्या गोष्टीची पाळंमुळं शोधायची तर ती ह्या दोन ठिकाणी सापडतात, मार्सलीनच्या रुळांवर आणि ह्या दिव्यांत.

१९२३ मध्ये तो हॉलिवूडला आला, भावाबरोबर स्टुडिओ काढला, १९२८ मध्ये मिकी माऊस पडद्यावर आला. हे सगळ्यांना माहितीये. त्यामानाने कमी माहिती असलेली गोष्ट १९३३ ची. त्या वर्षी त्याच्या तीन डुकरांच्या कार्टूनने अमेरिकेत धुमाकूळ घातला. लगेच सगळीकडून मागणी सुरू झाली, अजून डुकरं द्या. वॉल्टची इच्छा नव्हती, पण त्याने पुढचे भाग काढले. पहिल्याची सर एकालाही आली नाही. डुकरांवर डुकरांनी मात करता येत नाही, हा धडा तो नंतर वर्षानुवर्षं लोकांना सांगत राहिला. चाहता जे मागतो ते जसंच्या तसं दिलं तर त्यालाच ते फिकं लागतं, हे तो इथे शिकला.

आता पार्ककडे येऊ.

वॉल्टला दोन मुली, डायन आणि शॅरन. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मेरी-गो-राउंडवर न्यायचा. पोरी लाकडी घोड्यांवर गोल गोल फिरायच्या आणि बाप बाकड्यावर शेंगदाणे खात बसायचा. पोरांची मजा आणि मोठ्यांची शिक्षा. आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा का नसावी, हा प्रश्न त्याला तिथेच पडला, असं तो नंतर सांगायचा.

ही झाली सर्वसामान्य पाहुण्याची बाजू. पण त्याच काळात त्याच्यातला नादखुळा रेल्वेवालाही जोरात होता.

१९४८ मध्ये तो स्टुडिओतला चित्रकार वॉर्ड किंबॉल याच्याबरोबर शिकागोच्या रेल्वे प्रदर्शनाला जाऊन आला. किंबॉल तर ह्याच्याही पुढचा, त्याने घराच्या आवारात खरंखुरं पूर्ण आकाराचं इंजिन ठेवलं होतं. परत आल्यावर वॉल्टने स्वतःच्या घराच्या परसात अर्ध्या मैलाचा रूळ टाकला. खऱ्याच्या एक अष्टमांश आकाराचं वाफेचं इंजिन, त्याला बायको लिलियनच्या नावावरून लिली बेल असं नाव. बायकोच्या फुलझाडांना धक्का लागू नये म्हणून खालून बोगदा खणला. तोही नागमोडी, आत शिरल्यावर पलीकडचा उजेड दिसू नये म्हणून. सरळ बोगदा स्वस्तात पडेल असं मुकादमाने सुचवलं, तेव्हा मुळात बोगदाच नाही केला तर अजून स्वस्तात पडेल असं वॉल्टने त्याला ऐकवलं. १९५३ मध्ये गाडी रुळावरून घसरली आणि वाफेने एका लहान मुलीला भाजलं. वॉल्टने त्या दिवसानंतर ती गाडी बंद केली.

परसातली गाडी थांबली, पण तोवर डोक्यातलं पार्क बरंच मोठं झालं होतं.

बायकोला कल्पना पसंत नव्हती. त्या काळातली करमणुकीची पार्कं म्हणजे कचरा, बियर पिऊन पडलेली माणसं आणि पैसे उकळणारे खेळवाले. असल्या धंद्यात कशाला पडतोस, असं तिचं म्हणणं. भाऊ रॉय कंपनीचा खजिना सांभाळायचा, तोही हात आखडता घेत होता. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढलं, पाम स्प्रिंग्जचं घर विकलं.

१९५३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या माणसांनी शिकागोतल्या अधिवेशनात आराखडा देशातल्या नावाजलेल्या पार्कमालकांपुढे ठेवला. ही मंडळी धंद्यात मुरलेली. त्यांनी आराखड्याची पार चिरफाड केली. एकच प्रवेशद्वार, म्हणजे गर्दी तुंबणार. रोलर कोस्टर नाही, आकाशपाळणा नाही. बियर नाही. किल्ल्यावर आणि जुन्या वळणाच्या रस्त्यावर एवढा खर्च, आणि त्यातून तिकिटाचा एक पैसा येणार नाही. झाडं कशाला एवढी? थोडक्यात, हे बुडणार.

त्यांच्या हिशेबात सर्वसामान्य पाहुणा म्हणजे पाळण्यात बसून ओरडायला आलेला माणूस. वॉल्टच्या हिशेबात तोच माणूस बायकोपोरांसोबत दिवसभर फिरायला आलेला होता. मतभेद इथे होता.

पैसा शेवटी टीव्हीतून आला. एबीसी कंपनीने १९५४ मध्ये पाच लाख डॉलर गुंतवले, ४५ लाखांच्या कर्जाला हमी दिली आणि पार्कमध्ये साधारण एक तृतीयांश हिस्सा घेतला. बदल्यात वॉल्टने त्यांना दर आठवड्याला कार्यक्रम द्यायचा. त्या कार्यक्रमात डेव्ही क्रॉकेट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याची गोष्ट दाखवली आणि पोरांनी अक्षरशः वेड घेतलं. गल्लोगल्ली रॅकूनच्या शेपटीची टोपी. साहजिकच पार्क उघडताना त्यात क्रॉकेटचं संग्रहालयही होतं. पण ती लाट वर्षभरात ओसरली आणि संग्रहालयही लवकरच गुंडाळावं लागलं.

याच्या उलट उदाहरण पार्कच्या मधोमध उभं होतं. तो प्रसिद्ध किल्ला स्लीपिंग ब्यूटीचा. पण स्लीपिंग ब्यूटी हा सिनेमा आला १९५९ मध्ये. म्हणजे १९५५ मध्ये फाटकातून आत येणाऱ्या एकाही माणसाने तो पाहिलेला नव्हता. तरी रस्त्याच्या टोकाला दिसणाऱ्या त्या मनोऱ्यांकडे सगळ्यांचे पाय वळायचे. ते दुरून दिसावेत आणि माणसं आपोआप तिकडे ओढली जावीत, म्हणूनच ते तिथे बांधले होते. गोष्ट माहीत असायची गरजच नव्हती.

१७ जुलै १९५५. ॲनाहाइममधल्या १६० एकर संत्र्यांच्या बागांच्या जागेवर, एक कोटी ७० लाख डॉलर खर्चून उभं राहिलेलं डिस्नेलँड उघडलं. पहिला दिवस म्हणजे फजिती. खोट्या पासांवर हजारो लोक घुसले, ऊन मी म्हणत होतं, नवं डांबर मऊ होऊन बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. आणि हे सगळं टीव्हीवर थेट चालू.

तरी दोन महिन्यांच्या आत दहा लाख लोक येऊन गेले.

मेन स्ट्रीटवरच्या अग्निशमन केंद्राच्या वर वॉल्टने स्वतःसाठी छोटी खोली ठेवली होती. तिच्या खिडकीतून तो गर्दी बघायचा. रांगेत जाऊन उभा राहायचा. त्याच्या माणसांनाही त्याने तीच सवय लावली: पार्कात जा, लोकांसारखे तिकीट धरून थांबा, ते काय बोलतात ते ऐका. साहेबांसाठी पार्कात वेगळी ऑफिसची इमारत बांधायला त्याने नकार दिला, कारण मग साहेब आतच बसून राहिले असते.

पण स्वतःच्या आवडीपुढे तो आंधळा व्हायचाच. त्याला सर्कस भयंकर आवडायची. म्हणून नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याने डिस्नेलँडमध्ये तंबू ठोकून खरीखुरी सर्कस आणली. प्राणी, कसरती, टीव्हीवरची लाडकी मुलं, सगळं. लोक फिरकलेच नाहीत. सर्कस त्यांच्या गावातही यायची, डिस्नेलँड येत नव्हतं. हातात एकच दिवस असताना तंबूत दोन तास कोण बसणार? जानेवारी १९५६ मध्ये सर्कस बंद. ज्याच्या मालकीचं पार्क त्याचीच हौस दीड-दोन महिन्यांत निकालात निघाली.

दुसरी चूक मात्र त्याने सुधारली नाही. स्नो व्हाइटच्या राइडमध्ये स्नो व्हाइटच नव्हती! कल्पना अशी होती की गाडीत बसलेला पाहुणा म्हणजेच स्नो व्हाइट, चेटकीण घाबरवते ती त्याला. कागदावर सुंदर कल्पना. प्रत्यक्षात लोक बाहेर येऊन विचारायचे, स्नो व्हाइट कुठेय? पीटर पॅनच्या राइडचंही तेच. राइड बांधणाऱ्यांना आणि काही जाणकारांना त्यातली गंमत कळली, बाकीच्यांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं. स्नो व्हाइटचा पुतळा त्या राइडमध्ये बसवला गेला तो थेट १९८३ मध्ये. जी गोष्ट समजावून सांगायला दारात माणूस उभा करावा लागतो ती राइडमध्ये चालत नाही. वॉल्टसारख्या माणसाला हे दिसलं नसेल असं वाटत नाही. पण रांगा कमी होत नव्हत्या, म्हणून राहून गेलं असावं.

आणि मग जंगल क्रूझ.

बोटीतून जंगलाची सफर, काठावर यांत्रिक हत्ती, सुसरी, पाणघोडे. वॉल्टला खरे प्राणी हवे होते, पण खरे प्राणी दिवसा झोपतात किंवा झाडीत लपतात, असं जाणकारांनी सांगितल्यावर त्याने नाद सोडला. सुरुवातीला ही राइड गंभीर होती, माहितीपटासारखी. काही वर्षं जोरात चालली. एक दिवस वॉल्ट तिथे उभा असताना एक आई आपल्या मुलांना सांगत होती, की ही बोट नको, मागच्या वेळी आपण बसलो होतो.

एवढंच. तक्रार नव्हती, राइड वाईट होती असंही ती म्हणाली नाही. तिच्या लेखी एकदा पाहिलं, संपलं.

ती आई ना कट्टर चाहती होती ना पहिल्यांदा आलेली पाहुणी. ती होती दुसऱ्यांदा आलेली साधी बाई. डिस्नेलँडचा बराचसा गल्ला अशाच लोकांवर चालायचा, कारण गिऱ्हाईक मुख्यतः आसपासच्या कॅलिफोर्नियातलं. वॉल्टने चित्रकार मार्क डेव्हिसला कामाला लावलं. डेव्हिस कार्टूनमधला माणूस, त्याला एका नजरेत कळणारा विनोद जमायचा. १९६२ मध्ये जंगलात हत्तींचं स्नानकुंड आलं, सोंडेने पाणी उडवणारी पिल्लं आली. १९६४ मध्ये गेंड्याने खांबावर चढवलेली शिकाऱ्यांची टोळी आली, खालच्याच्या बुडाशी गेंड्याचं शिंग. गंभीर सफर विनोदी झाली. आज चाहते जी जंगल क्रूझ जुनी आणि अस्सल म्हणून जपा म्हणतात, ती खरंतर ही बदललेली आहे.

मोडतोडीला तो कधी कचरला नाही. व्ह्यूलायनर नावाची छोटी आगगाडी १९५७ मध्ये आणली आणि पुढच्याच वर्षी काढून टाकली, कारण त्या जागेवर काहीतरी मोठं येणार होतं. १४ जून १९५९ ला पाणबुडी, मोनोरेल आणि मॅटरहॉर्न एकदम सुरू झाले. मॅटरहॉर्न म्हणजे स्वित्झर्लंडच्या पर्वताची १४७ फुटी प्रतिकृती आणि तिच्या पोटातून धावणारा रोलर कोस्टर. होय, तोच रोलर कोस्टर जो नसल्याबद्दल पार्कमालकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. लोकांना थरार हवा होता आणि वॉल्टने तो दिला, पण उघडा लोखंडी सांगाडा न ठेवता डोंगरात लपवून. ज्याला बसायची भीती वाटते त्या आजीलाही खालून बघायला डोंगर मिळाला.

त्याच्या लाडक्या रेल्वेचंही हळूहळू तसंच झालं. सुरुवातीला पार्कभोवती फिरणारे डबे अगदी जुन्या अमेरिकन गाड्यांसारखे बंदिस्त, रेल्वेवेड्याचा जीव खूश होईल असे. पण चढउतार फार हळू. मग उघडे डबे आले. गाडीच्या वाटेवर आधी ग्रँड कॅन्यन आणि नंतर, १९६६ मध्ये, डायनासोरचे देखावे उभे राहिल्यावर बाकंही आडवी फिरवून देखाव्याकडे तोंड केलेली. खऱ्या रेल्वेत कोण असं बसतं? पण तोवर वॉल्टनेही ते मान्य केलं होतं.

१९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी त्याने दुसऱ्यांच्या पैशांवर चार आकर्षणं बांधली. त्यातलं एक फक्त मनातल्या ओढीने केलेलं: खुर्चीतून उठून भाषण करणारा यांत्रिक अब्राहम लिंकन. शाळेत असताना वॉल्ट लिंकनचं सोंग घ्यायचा, इतकं ते वेड जुनं. १९६५ मध्ये लिंकन डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवरच्या ऑपेरा हाउसमध्ये उभा राहिला.

त्याच प्रदर्शनातून आणखी एक गोष्ट हाती लागली. छोट्या बाहुल्यांच्या राइडसाठी केलेल्या बोटी तासाला प्रचंड माणसं वाहून न्यायच्या. तेव्हा डिस्नेलँडमध्ये समुद्री चाच्यांचं मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन करायचं ठरलं होतं, चालत बघायचं. ते बदलून बोटीची राइड केली. कार्यशाळेत एक प्रसंग मांडला आणि वॉल्टला ढकलगाडीवर बसवून बोटीच्या वेगाने त्यातून फिरवलं. संवाद लिहिणारा एक्स अटेन्सिओ मात्र ओशाळला होता. एवढे पुतळे एकदम बोलत होते की धड एकही वाक्य कळत नव्हतं. वॉल्टला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्याचं म्हणणं असं, की भरलेल्या पार्टीतून चालत जाताना इकडचं अर्धं, तिकडचं अर्धं ऐकू येतं, तसंच हे. पुढच्या खेपेला माणसाला आज सुटलेलं ऐकू येईल.

पहिल्यांदा आलेल्याला जळतं गाव, तोफा आणि दारुडे चाचे दिसतात, त्याचं काम भागतं. विसाव्यांदा आलेला कोपऱ्यातला कुत्रा आणि पुलावर पाय सोडून बसलेला चाचा शोधतो. मघाच्या आईला बोटीत पुन्हा बसवायचं उत्तर इथे होतं.

ती राइड सुरू झालेली वॉल्टने पाहिली नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाने १५ डिसेंबर १९६६ रोजी तो गेला, वय ६५. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन १८ मार्च १९६७ ला उघडली.

त्याच्या मागे पहिला मोठा पेच आला तो लिंकनवरून. १९७३ मध्ये कंपनीने लिंकनला हलवून त्या ऑपेरा हाउसमध्ये वॉल्टच्या जीवनाची फिल्म लावली. हिशेब सरळ होता. लिंकनचं भाषण ऐकायला रांग लागत नव्हती आणि संस्थापकाबद्दल सगळ्यांना कुतूहल होतं. पण नाराज लोकांची पत्रं यायला लागली. १९७५ मध्ये लिंकनला परत आणावं लागलं आणि दोघांनी एक छप्पर वाटून घेतलं.

पुढे १९८०च्या दशकात वार्षिक पास आले, दर आठवड्याला पार्कात येणारे चाहते तयार झाले आणि बदलावरची भांडणं वाढतच गेली. पायरेट्सवर सिनेमे निघाले, तेव्हा २००६ मध्ये राइडमध्ये जॅक स्पॅरोचे पुतळे बसवले. जुने चाहते भडकले, सिनेमा पाहून आलेली पोरं खूश झाली.

१७ जुलै २०२५. डिस्नेलँडला ७० वर्षं झाली आणि त्याच ऑपेरा हाउसमध्ये नवा यांत्रिक पुतळा आला. खुद्द वॉल्ट डिस्नेचा. आधी त्याच्या एका नातीने जाहीर विरोध केला, आजोबांचं असं यंत्र करू नका म्हणून. चाहत्यांचे तट पडले, चेहरा जमलाय की नाही यावर हमरीतुमरी झाली. आणि पुढे दोघांचे खेळ आलटून पालटून ठेवायचं कंपनीने ठरवलेलं असलं, तरी त्या दिवशी लिंकनला पुन्हा एकदा वॉल्टसाठी रंगमंच रिकामा करून द्यावा लागला होता.